साठ किलो, मीच सांगितलेलं

नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टर मॅडमनी माझ्यापुढं एक पुस्तक धरलं. पानावर नुसते ठिपके. बारीक, जाड, एकाला एक खेटून बसलेले. म्हणाल्या, "बाबा, ह्यात आकडा कोणता दिसतो?"

मी म्हणालो, "ठिपके दिसतात."

त्यांनी पान उलटलं. "ह्यात?"

"ठिपकेच."

तिसऱ्या पानाला माझं डोकं फिरलं. मला वाटलं, खेड्यातला माणूस बघून ह्या माझ्या शिक्षणाची परीक्षा घेतात. मी म्हणालो, "मॅडम, शाळा माझी दोनच यत्ता. पण नंतर विहारातल्या रात्रशाळेत बसून अक्षर शिकलोय. चाळीस वर्षं गुळाच्या ढेपांची वजनं मी स्वतः मांडतो. आकडा असला तर वाचून दाखवीन. नसलाच तर कुठनं वाचू?"

मॅडमनी पुस्तक माझ्या बायकोकडं, कौसाकडं वळवलं. कौसाला अक्षर येत नाही, पण एसटीवरचे नंबर वाचून वाचून आकडे येतात. ती माझ्याकडं बघत हळूच म्हणाली, "आठ." पुढच्या पानाला म्हणाली, "पाच." तिसऱ्या पानाला ती काही बोललीच नाही. आकडा तिला दिसला होता. माझी लाज राखायची म्हणून गप बसली.

मॅडमनी पुस्तक मिटलं. माझ्या डोळ्यांत थेंब टाकून, अंधाऱ्या खोलीत बत्ती मारून बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "बाबा, ह्याला ऑप्टिक न्यूरायटिस म्हणतात." ऑप्टिक न्यूरायटिस म्हणजे डोळ्यापासून मेंदूकडं जाणारी नस बिघडणं. डोळा चांगला, बुबुळ चांगलं, पण बघितलेलं पुढं पोचवणारी तार खराब. त्या म्हणाल्या, "तुमच्या टीबीच्या गोळ्यांत एक एथाम्ब्युटॉल नावाची गोळी आहे. तिच्यानं हे झालंय."

मी विचारलं, "नजर परत येईल का?"

"बऱ्याच जणांची येते. महिने लागतात. कुणाकुणाची पूर्ण येत नाही. तुमची किती येईल, ते मी आज सांगू शकत नाही."

मी गुळव्या माणूस. गुळव्या म्हणजे गुऱ्हाळावर उसाचा रस कढवून गूळ करणारा. रस उकळायला लागला की त्याचा रंग पालटत जातो. आधी हिरवट, मळी काढली की पिवळा, मग सोनेरी, मग तांबूस. सोनेरी आणि तांबूस ह्यांच्या मधल्या घडीला काहील, म्हणजे रसाची मोठी कढई, चुलवाणावरून उतरवायची. थोडं आधी उतरवली तर गूळ बसत नाही, थोडं उशिरा उतरवली तर करपतो. ती घडी ओळखायची ती डोळ्यानं. माझं सगळं आयुष्य त्या एका रंगावर उभं. आणि मॅडम म्हणत होत्या, किती येईल ते सांगता येत नाही.

हे मी लिहितोय ते दोघांसाठी. गोळ्या खाणाऱ्यांसाठी, आणि गोळ्या देणाऱ्यांसाठी. माझी चूक मी लपवणार नाही. एकदा लपवून बघितली, तिचं काय झालं ते पुढं येईलच.

आमचं गाव शेवगावपासून सात-आठ मैलांवर. त्या साली गणपतीच्या आधीपासून मला खोकला होता. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. अन्न जाईना. धोतराची गाठ ढिली व्हायला लागली. कौसा म्हणायची, दवाखान्यात चला. मी म्हणायचो, हवा बदलली की जाईल. हवा बदलली, खोकला गेला नाही. एक दिवस रुमालावर रक्त दिसलं. तेव्हा मी गेलो. त्या रुमालावरचं लाल मला चांगलं दिसलं होतं. पुढं कैक वेळा त्याची आठवण झाली.

दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. तिथं थुंकी तपासली, एक्स-रे काढला. टीबी निघाला. डॉक्टर म्हणाले, औषध नेमानं घेतलं तर बरा होणारा आजार आहे, मधेच सोडलं तर मात्र अवघड. मी म्हणालो, "मी एकदा धरलेलं सोडत न्हाई."

आता वजनाचं सांगतो.

गोळ्या किती द्यायच्या ते माणसाच्या वजनावर ठरतं. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. दवाखान्यातला वजनकाटा बिघडला होता. त्याच्यावर सलाईनच्या बाटल्यांचे खोके ठेवले होते. कंपाउंडर चांगला माणूस. मला खोकताना बघून त्यानं स्वतःचं स्टूल दिलं. मग कार्ड भरताना विचारलं, "बाबा, वजन किती?"

आमच्या गुऱ्हाळावर एक रीत आहे. हंगामाच्या पहिल्या दिवशी, चुलवाण पेटवायच्या आधी, सगळ्यांनी ढेपा मोजायच्या काट्यावर बसायचं. ऊस घालणारा, जाळ घालणारा, सगळे. शेवटी गुळव्या. गडी ओरडतात, "गुळव्या जड तर ढेप जड!" गुळव्या हलका भरला की वर्षभर त्याची चेष्टा. मी कैक वर्षं साठ किलो भरत होतो. गेल्या तीन हंगामांत मी काही ना काही निमित्त काढून काट्यावर बसलोच नव्हतो. अंगात उतार लागलाय हे मला आतून कळत होतं.

कंपाउंडरनं विचारलं आणि माझ्या तोंडातून निघालं, "साठ."

त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. मी कांबळं गुंडाळून बसलो होतो. त्यानं साठ लिहिलं.

गोळ्या सुरू झाल्या. एक चुकवली नाही. लघवी तांबडी व्हायची, ती ह्यातल्याच एका औषधानं होते, भ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. सांगितलेलं होतं म्हणून भ्यालो नाही. रिकाम्या पाकिटांची मी दोऱ्यात माळ ओवून खुंटीला टांगली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो. खोकला कमी झाला. भूक लागायला लागली. दिवाळीनंतर गुऱ्हाळ सुरू झालं तेव्हा मी काहिलीपाशी उभा होतो. जड कामाला डॉक्टरांनी बंदी घातली होती, पण गुळव्यानं उभं राहायचं आणि बघायचं, एवढंच तर काम.

आमच्या भागात फिरणाऱ्या सिस्टर, मंदाताई, दर मंगळवारी घरी यायच्या. गोळ्या मोजायच्या आणि विचारायच्या, "बाबा, काही त्रास?"

मी म्हणायचो, "न्हाई."

पहिल्या महिन्यात ते खरं होतं. पुढं नव्हतं. वाचताना अक्षराच्या मधोमध धुरकट डाग यायचा. समोरच्या माणसाचं तोंड धुक्यातून दिसावं तसं दिसायचं. मी म्हणालो, वय झालं. चुलवाणाचा धूर. चष्मा घ्यावा लागंल उन्हाळ्यात.

रंग गेलेत हे तर मला कळलंच नाही. तुम्ही म्हणाल, असं कसं कळत नाही? अहो, एसटी लाल असते हे मला ठाऊक आहे. म्हणून रस्त्यानं एसटी गेली की ती मला लालच वाटायची. ऊस हिरवा, हळद पिवळी. जन्मभर बघितलेल्या गोष्टींचा रंग आपण डोळ्यानं बघतच नाही, आठवणीनं बघतो. पण काहिलीतला रस दर घडीला रंग बदलतो. त्याला आठवण चालत नाही.

संक्रांत आठ-दहा दिवसांवर होती. गुळाला मागणी. काहील उकळत होती. मी वाकून बघत होतो आणि मला वाटत होतं, अजून अवकाश आहे, अजून पिवळा आहे. तेवढ्यात नाकात वास शिरला. करपल्याचा. मी ओरडलो, "उतरवा!" पण वास आला म्हणजे वेळ गेलेली असते.

गूळ काळपट निघाला. चाळीस वर्षांत माझ्या हातून पहिल्यांदा.

जाळ घालायला बाळनाथ होता. वीस हंगाम माझ्याबरोबर काढलेला माणूस. मी सगळ्यांसमोर त्याच्यावर घसरलो. "जाळ किती घातलास? डोळे फुटले का तुझे?"

बाळनाथ म्हणाला, "गुळवेबाबा, तुमी सांगितला तेवढाच जाळ हाय."

"मला शिकवतो?"

त्यानं जाळात उसाची चिपाडं सारायची काठी खाली ठेवली. अंगावरची राख झटकली. म्हणाला, "माजे डोळे शाबूत हायती. तुमचे बघा येकदा." आणि घरी निघून गेला. मी म्हणालो, "जा, जा. लई आले तुझ्यासारके."

दुसऱ्या दिवशी जाळाला दुसरा माणूस. आणि पुन्हा तेच झालं. ह्या वेळी मला कुणावर ओरडायला तोंड राहिलं नाही. मालकांनी नुसतं म्हटलं, "गुळवेबाबा, दोन दिस आराम करा." ते ऐकण्यापेक्षा काहिलीत पडलेलं बरं, असं वाटलं.

घरी येऊन ओट्यावर बसलो. काहीतरी चुकतंय हे कळत होतं, पण त्याला नाव द्यायची हिंमत होत नव्हती. कुणी बघत नाही असं बघून मी डोळे मिटले आणि ओट्यापासून विहिरीपर्यंत पावलं मोजत चाललो. बेचाळीस पावलं. कसं चालावं लागेल ते करून बघत होतो. विहिरीच्या काठाशी कौसानं मागून दंड धरला. "काय चाललंय?" म्हणाली. मी म्हणालो, "काय न्हाई, ऊन डोळ्यावर येतंय."

दोन दिवसांनी मंगळवार आला. मंदाताई आल्या. गुळाची गोष्ट त्यांनी वाटेतच ऐकली होती.

"बाबा, काही त्रास?"

"न्हाई."

"डोळ्यानं नीट दिसतं?"

"दिसतं की."

"मग गूळ कसा करपला तुमच्या हातनं?"

"जाळ घालणारा सोडून गेला."

"तो तर करपल्यावर गेला म्हणं."

मला राग आला. मी तोंड फिरवून बसलो. तेवढ्यात कौसा चहा घेऊन आली. मंदाताईंनी कप घेतला, एक घोट प्याल्या, आणि सहज म्हणाल्या, "बाबा, काकूंच्या हातात बांगड्या कोणत्या रंगाच्या हायत?"

मी मान वळवून बघितलं. म्हणालो, "हिरव्या. दुसऱ्या कोणत्या असणार?"

कौसाच्या हातातली बशी वाजली.

"लाल हायती," ती म्हणाली. "पंधरा दिस झालं. कासारणीपाशी मापाच्या हिरव्या नव्हत्या, म्हणून लाल भरल्या. मी म्हणलं, म्हाताऱ्यानं बघितलंच न्हाई. चाळीस वर्सांत कदी बघितलंय म्हणा!"

ती हसायला लागली आणि मधेच थांबली. मी तिचा हात धरून अगदी डोळ्यापाशी नेला. बांगड्या मातीच्या रंगाच्या होत्या. हिरव्या नाहीत, लाल नाहीत. वाळल्या मातीच्या. मी कधीपासून त्यांना हिरव्या म्हणत होतो, देव जाणे.

मंदाताईंनी चहा तसाच ठेवला. गोळ्यांच्या डब्यातली एक गोळी बाजूला काढली. "ही आता घेऊ नका. बाकीच्या एकपण सोडायच्या न्हाईत. उद्या सकाळच्या गाडीनं नगर. मी येते संगं. डॉक्टरांना मी आत्ताच जाऊन सांगते."

मी म्हणालो, "येका बांगडीवरनं?"

त्या म्हणाल्या, "बाबा, मी गेले चार मंगळवार विचारलं. तुमी चारी वेळा न्हाई म्हणला. मग काय करू?"

शेवगावपर्यंत जीप, तिथून एसटी. सगळ्या वाटेनं मी खिडकीतून बाहेर बघत होतो आणि एकेका गोष्टीचा रंग स्वतःला विचारत होतो. ह्या वेळी आठवणीनं नाही, डोळ्यानं. उत्तर येत नव्हतं. तीन तास मी एकटाच त्या परीक्षेला बसलो होतो, आणि नापास होत होतो.

नगरच्या दवाखान्यात बाकावर बसलो. दुपार झाली. डोळ्यांवर हिरव्या पट्ट्या बांधलेली माणसं ओळीनं बसलेली. हिरव्या आहेत हे मला कौसानं सांगितलं. एका म्हाताऱ्याला त्याची सून हाताला धरून मोरीकडं नेत होती. मी तिकडं बघायचं टाळलं.

पुढचं ठिपक्यांच्या पुस्तकाचं आधीच सांगितलं. पण मॅडमचं तेवढ्यावर झालं नव्हतं. त्यांनी माझं कार्ड वाचलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या. "बाबा, पायताण काढा. कांबळं काढा. ह्या काट्यावर उभे राहा."

मी उभा राहिलो. आकडा त्यांनी मोठ्यानं वाचला. "बेचाळीस."

कौसानं पदर तोंडाला लावला. विहिरीपर्यंतची पावलंही बेचाळीसच भरली होती, हे उगीच माझ्या डोक्यात आलं.

"कार्डावर साठ आहे," मॅडम म्हणाल्या. "आणि हे आजचं तीन महिने औषध खाऊन सुधारलेलं वजन. म्हणजे सुरुवातीला आणखी कमी असणार. साठ किलोच्या माणसाची गोळी ह्यांना दिलीय. हे साठ कुणी लिहिलं?"

मी म्हणालो, "दवाखान्यातच लिवलं."

हे खरं होतं. आणि सपशेल खोटं होतं.

मॅडमनी लांब फुलस्केप कागद घेतला. मंदाताईंना म्हणाल्या, "हे मी कळवणार आहे. पुण्याच्या मेडिकल कॉलेजात एक डॉक्टर औषधांच्या साइड इफेक्टची माहिती गोळा करतात." साइड इफेक्ट म्हणजे औषध ज्यासाठी दिलं ते सोडून त्याच्यानं होणारा दुसरा त्रास. "आपण प्रत्येकजण एकेक पेशंट बघतो आणि विसरतो. एका ठिकाणी जमा झालं तर कळेल, की हे कुणाला होतं, का होतं."

त्यांनी मला एकेक विचारलं. वय. कोणती गोळी कधी सुरू झाली. डोळ्याला पहिल्यांदा काय जाणवलं, किती दिवसांनी. आणखी कोणत्या गोळ्या घेता का? तंबाखू खाता? मी खातो म्हणालो. तंबाखूनंही ही नस बिघडते, आजपासून बंद, म्हणाल्या. मी म्हणालो, "नाव पुरं लिवा माजं. मी काय चोरी केली न्हाई."

"नाव लागत नाही, बाबा. कुणाला पकडायला हा कागद नाही."

मग त्या लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाल्या, "वजन न करता, अंदाजानं साठ किलो नोंदवले."

मला तो कंपाउंडर दिसला. स्टूल पुढं सारणारा. उद्या त्याला कुणी बोलावून विचारेल. तो म्हणेल, त्यांनीच सांगितलं. कोण ऐकणार? मी म्हाताऱ्या पेशंटचा चेहरा करून बसलेला असणार. बाळनाथला मी असाच घरी पाठवला होता. एका आजारात दोन माणसांवर आळ.

"थांबा," मी म्हणालो.

मॅडमनी पेन उचललं.

"मी सांगितलं साठ. त्यानं मला विचारलं. मला ठावं हुतं मी साठ न्हाई. अंगावर कांबळं घेऊन बसलो, दिसू नये म्हणून. आणि डोळ्याचं पण मीच लपवलं. ह्या बाईनं चारदा विचारलं."

कौसा म्हणाली, "कशापायी पर?"

तिला काय सांगू? गुळव्या जड तर ढेप जड?

मला वाटलं मॅडम आता झापतील. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. नाहीतर खोटा कागद पाठवला असता मी." वरची ओळ त्यांनी खोडली आणि नवी लिहून वाचून दाखवली. "वजनकाटा नादुरुस्त होता. पेशंटनं सांगितलेलं वजन खरं धरलं. डोळ्यांबद्दल विचारलं, पण रंग दाखवून तपासलं नाही. ह्या तिन्ही गोष्टी दुरुस्त होण्यासारख्या आहेत." मंदाताईंनी मान हलवली. तिसरी गोष्ट त्यांच्याकडची होती. त्यांनी ती खोडा म्हटलं नाही.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते कुणाला सांगायला जमत नाही. भीती दोन बाजूंनी. एक गोळी काढलीय, तर टीबी उलटेल का? डॉक्टर म्हणायचे, बाकीच्या आहेत, थुंकी आपण तपासत राहू. थुंकीची डबी दिली की रिपोर्ट येईपर्यंत घास उतरायचा नाही. आणि दुसरी भीती डोळ्याची. रोज सकाळी शेवगावची एसटी यायच्या वेळेला मी फाट्यावर जाऊन उभा राहायचो. बघायचो. मातकट. दुसऱ्या दिवशी मातकट. होळी गेली, मातकट. ड्रायव्हरला वाटायचं, मला चढायचंय. तो थांबायचा. मी हात हलवायचो, जा. शेवटी तो खिडकीतून म्हणाला, "बाबा, बसायचं नसंल तर उभं कशाला ऱ्हाता रोज?" मी म्हणालो, "तुझी गाडी कोणत्या रंगाची हाय ते बघतोय." त्यानं कंडक्टरकडं बघून डोक्याशी बोट फिरवलं. तेवढं मला बरोबर दिसलं.

ह्या काळात दोन गोष्टींनी मला धीर दिला. पुण्याहून मॅडमना उत्तर आलं होतं. दोनच ओळी. मंदाताईंनी त्याची नक्कल आणून वाचून दाखवली. कळवल्याबद्दल आभार, नोंद घेतली, पेशंटची दृष्टी पुढं कशी आहे ते कृपया कळवावं. मी दोनदा वाचायला लावलं. पुण्यात कुणी माणूस, त्याला माझं नावही ठाऊक नाही, आणि तो विचारतोय, नजर कशी आहे.

दुसरी गोष्ट, दवाखान्यातला काटा नीट झाला. मंदाताईंनी किती अर्ज केले ते त्यांनाच ठाऊक. बाटल्यांचे खोके खाली उतरले. कंपाउंडरनं पहिला मलाच उभा केला. मी त्याला म्हणालो, "त्या दिवशी मी खोटं बोललो तुमच्याशी." तो म्हणाला, "बाबा, मला तवाच शंका आली हुती. पण तुमी इतक्या जोरात सांगितलं, की पुन्हा विचारायचं धाडस झालं न्हाई." आम्ही दोघंही हसलो. हसण्यासारखं फार नव्हतं.

कौसा त्या लाल बांगड्या काढेना. हिरव्या मिळत होत्या. म्हणायची, "तुमी रंग सांगस्तोवर भरायच्या न्हाईत." एखादी फुटली तर तसलीच लाल शोधून आणायची.

अक्षय्य तृतीया झाली त्याच्यानंतरची गोष्ट. ती सुपात ज्वारी पाखडत होती, मी समोर बसलो होतो. हात वर-खाली जात होते. एकाएकी मला वाटलं, मातीत काहीतरी आहे. विस्तवावर राख बसल्यासारखं. राखेखाली निखारा. मी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं. तिसऱ्या दिवशी म्हणालो, "लाल."

पाखडणं थांबलं. "कोणता लाल? फिका का गडद?"

"ते न्हाई कळत. पर लाल."

तिनं सूप खाली ठेवलं आणि पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "येवडं बास झालं." त्याच आठवड्यात तिनं हिरव्या भरल्या.

औषधाचा पूर्ण कोर्स मी संपवला. थुंकी साफ निघाली. नजर रुपयातली बारा आणे आली. चार आणे राहिली ती राहिली. मॅडमनी तेही लिहून पुण्याला कळवलं.

गोळ्या घेणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. औषध आपल्या मनानं सोडू नका, मी टीबीतून उठलो तो औषधामुळंच. पण अंगात काही वेगळं वाटलं तर त्याच दिवशी सांगा. आणि सिस्टर, कंपाउंडर, डॉक्टर, तुम्हाला हात जोडून सांगतो. "काही त्रास?" असं विचारलं तर आमच्यासारखा माणूस "न्हाई" म्हणणार. त्याला बांगडीचा रंग विचारा. शिंप्याला दोऱ्याचा विचारा, मिरचीवालीला मिरचीचा विचारा. वजन विचारू नका, काट्यावर उभं करा. आणि कळलं की लिहून कळवा. मंदाताईंच्या पिशवीत आता लाल आणि हिरव्या लोकरीचे दोन गुंडे असतात.

त्या दिवाळीनंतर गुऱ्हाळाचा पहिला दिवस आला. त्याच्या आदल्या दिवशी मी बाळनाथच्या घरी गेलो. तो दारात बसून होता. उठला नाही. मी म्हणालो, "डोळे माजेच फुटले हुते." तो म्हणाला, "ते मला तवाच ठावं हुतं." मग आत बघून हाक मारली, "चहा टाक गं, गुळवेबाबा आल्यात."

सकाळी काटा मांडला. एकेक गडी बसला. शेवटी मी. कांबळं काढून बाजूला ठेवलं आणि बसलो. आकडा वाचायला मालक पुढं आले, मी म्हणालो, "मी वाचतो." वाचला. "अठ्ठेचाळीस." कुणीतरी मागून म्हणालं, "गुळव्या हलका झाला राव!" मी म्हणालो, "लई हलका झालाय."

काहील चढली. रस उकळला, मळी निघाली, पिवळं दिसायला लागलं. मी वाकून बघत होतो. बुडबुडे जड झाले. आता इथून पुढं माझे चार आणे कमी पडणार हे मला कळत होतं. रसाचा थेंब पाण्यात टाकून गोळी होते का बघायची एक पद्धत आहे. ती शिकाऊ माणसाची. पाण्याची वाटी मागणाऱ्या गुळव्यांना मी आयुष्यभर हसलो होतो.

"बाळनाथ," मी म्हणालो, "वाटीत पानी आन."

सगळे बघायला लागले. बाळनाथ काठी टेकून उभा राहिला. "गुळव्याला पानी? ह्या वयात शिकाऊ झाला व्हय?"

"व्हय, झालो. आन लवकर."

त्यानं आणलं. मी उलथन्यावरचा रस पाण्यात सोडला. बोटांनी गोळी केली आणि काहिलीच्या काठावर मारली. टण् वाजली. "उतरवा," मी म्हणालो.

रस गार करायच्या हौदात पडला. वाफ सरली. मी बाळनाथला विचारलं, "रंग कसा आलाय?"

तो म्हणाला, "आदी तुमी सांगा."

मी नीट बघितलं. "पिवळा."

बाळनाथ हौदावर वाकला, बोट लावून चाटलं, माझ्याकडं बघितलं.

"सोनेरी हाय," तो म्हणाला. "पर चला, पिवळ्यावर भागवू."